नांगराची निशाणी आणि चौकटीचा संकेत

अहमदनगर जिल्ह्यांतील, म्हणजे २०२४ पासून ज्याचें नांव अहिल्यानगर झालें त्या जिल्ह्यांतील, राहुरी हें मुळा नदीच्या कांठचें तालुक्याचें गांव. नगरहून मनमाडकडे जाणारी सडक या गांवांतून जाते. १८७८ मध्यें सुरू झालेला दौंड-मनमाड लोहमार्गहि याच तालुक्यांतून गेला आहे. बारागांव नांदूर येथील धरणानें मुळेचें पाणी शेतांत नेलें तेव्हां ऊंस वाढला. कांदा तर पूर्वींपासून होताच. अशा गांवाच्या पेठेंत आज जें दिसतें तें महाराष्ट्रांतील कोणत्याहि पेठेंत दिसेल. किराणा दुकानाच्या फळीवर, रसवंतीच्या खांबावर, खतांच्या व बियाण्यांच्या दुकानांत काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची एक चौकोनी आकृति लावलेली असते. गिऱ्हाईक आपला मोबाइल फोन तिच्यासमोर धरतें, दोनचार आंकडे दाबतें, आणि पैसे पोंचतात. या आकृतीस क्यू. आर. कोड म्हणतात. तिचें नांव परकें असलें तरी तिनें सोडविलेला प्रश्न परका नाहीं. त्या प्रश्नाचा इतिहास या जिल्ह्याच्या मातींत खोल रुतलेला आहे.

प्रथम एक भेद सांगितला पाहिजे. दुकानाच्या कांचेवर डकवलेला व उन्हानें विटलेला जो संकेत, तो स्थिर होय. त्यांत दुकानदाराचें नांव आणि त्याच्या खात्याचा पत्ता एवढेंच भरलेलें असतें. रक्कम गिऱ्हाइकानें आपल्या बोटानें घालावयाची. तो एकदां छापला कीं छापला. दुसरा प्रकार चल संकेताचा. व्यापारी लोक त्यास ‘डायनॅमिक’ म्हणतात. हा दर बिलागणिक नवा जन्म घेतो. बिलाची रक्कम, बिलाचा क्रमांक आणि घेणाऱ्याचा पत्ता हीं तिन्हीं त्यांत गोंवलेलीं असतात. छोट्या पडद्यावर किंवा छापील बिलावर तो उमटतो आणि पैसे पोंचतांच त्याचें काम संपतें. परंतु याच ‘डायनॅमिक’ शब्दानें आणखी एका, अगदीं वेगळ्या जातीच्या संकेताचाहि बोध होतो. त्यांत छापलेली आकृति तीच राहते, पण ती पाहणाऱ्यास जेथें नेऊन पोंचविते तें ठिकाण मागच्या मागें बदलतां येतें. पहिल्यांत आकृति बदलते व धनी तोच राहतो; दुसऱ्यांत आकृति तीच राहते व तिच्या पोटांतला मजकूर पालटतो. एकाच नांवाखालीं हीं दोन बिऱ्हाडें नांदतात, हें ध्यानांत न घेतल्यामुळें पुष्कळ घोटाळा होतो.

तिन्ही प्रकारांत एक गोष्ट मात्र समान आहे. ती आकृति माणसाच्या डोळ्यास वाचतां येत नाहीं. वकील असो, प्राध्यापक असो कीं बाजारांत पाटी वाहणारा हमाल असो, तिच्यापुढें सारेच सारखे निरक्षर. यंत्र वाचणार आणि यंत्र सांगेल तें माणसानें मानावयाचें. जो कागद वाचतां येत नाहीं त्याच्या भरंवशावर व्यवहार करणें या जिल्ह्यास नवें नाहीं, आणि त्याचा परिणाम काय होतो हेंहि या जिल्ह्यानें पाहिलेलें आहे.

१२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्याच्या भीमथडी तालुक्यांतील सुपें या गांवीं, ऐन बाजाराच्या दिवशीं, शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली. तेथें पडलेली ठिणगी पुणें व अहमदनगर या दोन्ही जिल्ह्यांतील कित्येक गांवीं पसरली. सरकारनें चौकशीमंडळ नेमलें. त्या दंग्यांत लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, बहुतेक ठिकाणीं जमावास सावकाराचा जीव नको होता. त्यास कागद हवे होते. खतें, रोखे, हुकूमनामे मागून घेतले गेले आणि उघड्यावर जाळण्यांत आले. जेथें कागद मुकाट्यानें मिळाले तेथें माणसांस फारसा धक्का लागला नाहीं. भुकेलेला माणूस धान्य लुटतो. हे लोक कागद लुटीत होते.

त्या कागदांवर शेतकऱ्याची सही नसे. अक्षरशत्रु कुणब्यानें ‘निशाणी नांगर’ करावी आणि शेजारीं दुसऱ्या कोणी लिहिणाऱ्यानें आपला ‘दस्तूर’ घालून त्याचें नांव लिहावें, अशी रीत होती. नांगराचें तें चिमुकलें चित्र त्याचें. त्याच्या डोक्यावर लिहिलेला सारा मजकूर दुसऱ्याचा. मुद्दल किती, व्याजाचा दर काय, जुनें व्याज मुदलांत मिसळून खत पालटलें तें कितव्या वेळां, हें त्या चित्रास ठाऊक नसे. फेडीसाठीं धान्य घातलें तर तें जमेस धरलें कीं नाहीं, हें सावकाराची वहीच सांगणार, आणि ती वही सावकाराच्या घरीं. या व्यवहारांत प्रत्येक सावकार लबाड होता असें म्हणणें अन्यायाचें होईल. पण ज्या रचनेंत एकानें लिहावें, त्यानेंच वाचावें आणि दुसऱ्यानें केवळ निशाणी करावी, ती रचना सज्जनासहि मोहांत पाडणारी होती.

या दंग्यांतून १८७९ चा १७ वा कायदा जन्मास आला. प्रारंभीं तो पुणें, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. त्याच्या गुणदोषांची चर्चा पुढें पन्नास वर्षें चालली आणि सावकारीचें मूळ त्यानें उपटलें नाहीं, हें खरें. तथापि त्यांतील दोनतीन कलमें फार सूक्ष्म बुद्धीनें लिहिलेलीं होतीं. शेतकऱ्याचा दस्तऐवज ग्रामनिबंधकासमोर व्हावा आणि शेतकऱ्यास त्यांतील मजकूर समजावून द्यावा. शेतकऱ्यानें पैसे भरले कीं त्यास लेखी पावती मिळावी. वर्षाचा हिशेब मागण्याचा आणि पासबुकांत तो लिहून घेण्याचा त्यास हक्क असावा. म्हणजे कायद्यानें शेतकऱ्यास पैसे दिले नाहींत, वाचन दिलें. निशाणी आणि मजकूर यांत जें अंतर पडलें होतें तें बुजविण्याचा तो यत्न होता. आज राहुरीच्या बाजार समितींत किंवा तिच्या वांबोरी येथील उपबाजारांत कांद्याचा लिलाव झाल्यावर शेतकऱ्याच्या हातीं जी हिशेबपट्टी पडते, तींत वजन, भाव, हमाली, तोलाई हें सगळें ओळीनें मांडलेलें असतें, तेंहि याच वंशाचें. पट्टी वाचतां येते, म्हणून तिच्यावर भांडतांहि येतें.

सावकाराच्या पेढीवर त्या काळीं आणखी एक कागद लिहिला जात असे, आणि त्याची तऱ्हा निराळी होती. तो म्हणजे हुंडी. येथें दोन्ही बाजूंस लिहिणारे-वाचणारे असत, म्हणून फसविण्याच्या वाटा त्यांनीं आधींच ओळखून बुजविल्या होत्या. एका गांवच्या पेढीनें दुसऱ्या गांवच्या पेढीवर लिहावें कीं अमक्यास इतके रुपये द्यावे, आणि रोकड न हलतां पैसा हलावा, हा हुंडीचा हेतु. कागद दिसतांच पैसे द्यावयाचे ती दर्शनी. ठरलेल्या दिवसांनीं द्यावयाचे ती मुदती. नुसत्या धन्यास द्यावयाची ती धनीजोग, आणि जी केवळ पत असलेल्या शहास, म्हणजे प्रतिष्ठित व्यापाऱ्यासच द्यावयाची ती शहाजोग. शहाजोगींत मौज अशी कीं पैसे देणाऱ्यावर चौकशीची जबाबदारी पडे; कागद खोटा ठरला तर ज्या शहानें पैसे उचलले त्याच्या दारीं जातां येई.

याहून चतुर योजना रकमेची. शंभर रुपये केवळ आंकड्यांनीं लिहून हुंडीकार थांबत नसे. अंकीं शंभर, अक्षरीं शंभर, त्याचे नीमे पन्नास, त्या पन्नासांची दुप्पट पुरे शंभर, असें तो फिरून फिरून लिही. एका शून्याची भर घालून शंभरांचे हजार करूं पाहणाऱ्यास मग चार ठिकाणीं हात घालावा लागे, आणि कागद वाळवीनें थोडासा खाल्ला तरी उरलेल्या भागावरून रक्कम उमगे. हुंडी हरवली तर पैठ लिहून मिळे. पैठहि हरवली तर परपैठ. आणि हुंडी पटून पैसे चुकते झाले कीं त्या कागदास ‘खोखा’ म्हणत. मग तो कोणाच्याहि हातीं पडो, त्याचा दुसऱ्यांदा रुपया होत नसे. १८८१ मध्यें इंग्रज सरकारनें चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा केला, तेव्हां देशी भाषांतील हुंड्यांच्या रूढींस त्यानें पहिल्याच कलमांत हात लावण्याचें टाळलें. ज्या सरकारास सर्व कांहीं कलमांत बसविण्याची हौस होती, त्यानें येथें माघार घ्यावी, हा त्या रूढींचा मोठाच मान म्हटला पाहिजे.

आतां चौकटीकडे वळावें. व्यापारी वस्तूंवरील उभ्या रेघांचा संकेत अमेरिकेंत जोसेफ वुडलंड आणि बर्नार्ड सिल्व्हर या दोघांनीं शोधला. वुडलंड समुद्रकांठीं वाळूंत बोटें ओढीत असतां तारायंत्राच्या ठिपक्या-रेघांवरून त्याला ही कल्पना सुचली. त्यांस १९५२ मध्यें पेटंट मिळालें, परंतु दुकानांत ती रेघोटी प्रथम वाचली गेली ती २६ जून १९७४ रोजीं, ओहायो संस्थानांतील ट्रॉय गांवीं, च्युइंगगमच्या एका पुड्यावर. त्या रेघांत फार थोडीं अक्षरें मावत. जपानांत डेन्सो नांवाच्या कारखान्यांत मोटारींच्या भागांसाठींच्या अशा रेघांच्या चिठ्ठ्या यंत्रानें वाचतां वाचतां कामगार कंटाळले, तेव्हां मासाहिरो हारा या अभियंत्यानें १९९४ मध्यें आडवी-उभी दोन्ही दिशांनीं वाचतां येणारी चौकट काढली. ‘गो’ या जपानी खेळाच्या पटावरील काळ्यापांढऱ्या सोंगट्यांनीं त्याला वाट दाखविली. तीन कोपऱ्यांतील चौकोन हे त्या आकृतीचे डोळे. छापील कागदांत सहसा आढळणार नाहीं असें काळ्यापांढऱ्याचें प्रमाण कोणतें, हें शोधण्यासाठीं हारानें व त्याच्या सोबत्यानें मासिकें, जाहिराती, खोकीं यांवरील छपाई तपासली आणि १:१:३:१:१ हें प्रमाण ठरविलें. या चौकटींत केवळ आंकडे भरले तर ७,०८९ पर्यंत मावतात. शिवाय तोच मजकूर गणिताच्या युक्तीनें असा पेरलेला असतो कीं, सर्वांत भक्कम प्रकारांत शेंकडा तीसपर्यंत भाग फाटला वा मळला तरी उरलेल्यावरून पुरा वाचतां येतो. नीमे पन्नास आणि त्याची दुप्पट लिहिणाऱ्या हुंडीकारास ही युक्ति समजावून सांगण्यास फारसा वेळ लागला नसता. डेन्सोनें पेटंट जवळ ठेवूनहि कोणाकडून मोल घेतलें नाहीं. त्या औदार्यामुळेंच चौकट जगभर पसरली.

हिंदुस्थानांत तिचा पैशाशीं संबंध जुळला तो पुष्कळ पुढें. राष्ट्रीय देयक महामंडळ २००८ मध्यें स्थापन झालें आणि ११ एप्रिल २०१६ रोजीं त्यानें यू. पी. आय. ही पद्धति जाहीर केली. त्याच वर्षीं ८ नोव्हेंबरला पांचशें-हजारांच्या नोटा रद्द झाल्या. रोकड आटल्यामुळें लोकांस गरजेनें या वाटेवर यावें लागलें, आणि सोयीमुळें ते तेथेंच राहिले. ऑक्टोबर २०१९ मध्यें एका महिन्यांतील अशा व्यवहारांची संख्या शंभर कोटींच्या वर गेली, तर ऑगस्ट २०२३ मध्यें हजार कोटींच्या. मध्यंतरीं दर कंपनीची चौकट निराळी, एकीची दुसरीस वाचतां न येणारी, असा गोंधळ माजला होता. दुकानाच्या फळीवर चारचार कागद लटकत. रिझर्व्ह बँकेनें मुंबईच्या आय. आय. टी. तील प्राध्यापक दीपक फाटक यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली. तिचा अहवाल जुलै २०२० मध्यें प्रसिद्ध झाला. ऑक्टोबरमध्यें बँकेनें हुकूम काढला कीं स्वतःपुरती नवी चौकट कोणी काढूं नये, आणि जुन्या असतील त्यांनीं ३१ मार्च २०२२ पर्यंत सर्वांस वाचतां येईल अशा चौकटीकडे वळावें. ज्या मुलुखांत एका पेढीची हुंडी दुसऱ्या शेंकडों पेढ्यांवर पटत असे, तेथें ही गोष्ट नव्यानें सांगावी लागली, याचें थोडें नवल वाटतें.

स्थिर चौकटीचा मोठा दोष असा कीं ती नांगराच्या निशाणीसारखी मुकी आहे. पैसे कोणी दिले, कशाचे दिले, पुरते दिले कीं नाहीं, हें तिला ठाऊक नसतें. म्हणून तर गल्ल्यावर रक्कम मोठ्यानें पुकारणारी बोलकी पेटी ठेवावी लागली. गिऱ्हाइकानें मागच्या एखाद्या व्यवहाराचें चित्र दाखवून ‘पैसे दिले’ म्हणावें आणि गर्दींत दुकानदारानें मान डोलवावी, ही फसवणूक सर्वत्र आढळते. दुसरी याहून बिकट. जानेवारी २०२५ मध्यें मध्य प्रदेशांतील खजुराहो येथें चोरट्यांनीं रात्रींतून कांहीं दुकानांच्या चौकटींवर आपल्या चौकटी चिकटविल्या आणि गिऱ्हाइकांचे पैसे त्यांच्या खात्यांत जाऊं लागले. दोन्ही चौकटी डोळ्यांस सारख्याच दिसतात. फोनवर येणारें नांव ज्यानें वाचलें, त्यालाच फरक कळला.

चल संकेत हा हुंडीचा खरा वारस होय. तो भिंतीवर चिकटवून ठेवतां येत नाहीं, म्हणून त्याच्यावर दुसरा चिकटवितांहि येत नाहीं. त्यांत रक्कम आधींच लिहिलेली असल्यामुळें शंभराचे दहा किंवा हजार होत नाहींत. त्यांतील क्रमांकामुळें पैसा आणि बिल हीं एकमेकांस सांपडतात. संध्याकाळीं रोजमेळ घालतांना कोणत्या बिलाचे पैसे आले व कोणतें उधार राहिलें याचा हिशेब आपोआप लागतो. ठराविक वेळ उलटली कीं तो निकामी व्हावा अशीहि योजना करतां येते; आणि पैसे पोंचले कीं तो खोखा होतो. वस्तु व सेवा कराच्या कायद्याखालीं मार्च २०२० मध्यें निघालेल्या अधिसूचनेनें, पांचशें कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांस सामान्य गिऱ्हाइकाच्या बिलावर असा संकेत छापणें आवश्यक केलें. ती डिसेंबर २०२० पासून अमलांत आली, जरी दंडाची सवलत पुढें कांहीं महिने चालू होती. राहुरीच्या पेठेंतील दुकानदार त्या मर्यादेच्या आसपासहि नाहीं. त्यानें चल संकेत घ्यावा तो आपखुषीनें. आणि तो घेण्यास कचरतो, यांत त्याचा अडाणीपणा नाहीं. चल संकेतास यंत्र लागतें, वीज लागते, दर विक्रीचें बिल करण्याची शिस्त लागते; स्थिर संकेतास भिंत पुरते. दहा रुपयांच्या कोथिंबिरीस बिल कोण करणार?

आतां दुसऱ्या जातीचा चल संकेत. त्याचें उत्तम उदाहरण महाराष्ट्रांतीलच आहे, आणि तें व्यापारांतलें नाहीं. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यांतील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेंतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनीं पाठ्यपुस्तकांत क्यू. आर. चौकटी घातल्या. त्यांच्या शाळेंतील प्रयोग पाहून २०१७ मध्यें राज्यानें सर्व इयत्तांच्या पुस्तकांत त्या घालण्याचें जाहीर केलें. डिसले यांस ३ डिसेंबर २०२० रोजीं दहा लक्ष डॉलरचें जागतिक शिक्षक पारितोषिक मिळालें आणि त्यांतील निम्मी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांस वांटून दिली. छापलेलें पुस्तक बदलत नाहीं, पण चौकटीमागील धडा, चित्र, गाणें सुधारतां येतें, हें त्या योजनेचें मर्म. घरबांधणीच्या धंद्यांत महारेरानें १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातींत चौकट छापणें सक्तीचें केलें, त्यामागेंहि हाच विचार आहे; जाहिरात जुनी झाली तरी चौकटीमागें इमारतीच्या प्रकल्पाची त्या त्या वेळची नोंद दिसावी.

या दोन्ही ठिकाणीं चौकटीमागचा मजकूर बदलण्याची किल्ली सार्वजनिक संस्थेच्या हातीं आहे. धंद्यांत तसें नसतें. एखाद्या उपाहारगृहानें पदार्थांची यादी, एखाद्या कारखान्यानें मालाच्या खोक्यावरील माहिती अशा चौकटीमागें ठेवली, तर ती बहुधा कोणा तिसऱ्याच कंपनीच्या यंत्रावरून फिरून येते, आणि तिला दरमहा वा दरसाल वर्गणी द्यावी लागते. भाव बदलला तरी छपाई वाचते, कोणत्या गांवाहून किती जणांनीं चौकट पाहिली हेंहि कळतें. हे लाभ खोटे नाहींत. पण वर्गणी थकली कीं दहा हजार खोक्यांवरील चौकटी एका क्षणांत आंधळ्या होतात. आणि काल ज्या चौकटीमागें ‘एक वर्षाची हमी’ लिहिली होती तिच्यामागें आज ‘सहा महिन्यांची’ लिहिली गेली, तर गिऱ्हाइकाच्या हातांत पुरावा कोणता? खत पालटतांना निदान कुणब्यास नवी निशाणी करण्यासाठीं बोलवावें लागे. येथें तेवढीहि तसदी नाहीं.

राहुरीस हा प्रश्न एका ठिकाणीं फार जवळून भिडतो, आणि तें ठिकाण म्हणजे बियाण्याची पिशवी. १९६८ मध्यें स्थापन झालेल्या कृषि विद्यापीठाचें मुख्य ठाणें राहुरीस आहे, आणि त्यास नांव दिलें आहे तें महात्मा जोतीराव फुले यांचें. निरक्षर शेतकरी कचेरींत व कागदांत कसा नाडला जातो, हें ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ च्या ग्रंथांत ज्यांनीं पोटतिडकीनें मांडलें, ते हे फुले. या विद्यापीठांत जें पैदासकार बियाणें तयार होतें त्याच्या पिशवीवर सोनेरी पिवळी खूणचिठ्ठी असते. त्यापासून झालेल्या पायाभूत बियाण्यावर पांढरी, आणि शेतकऱ्याच्या हातीं पडणाऱ्या प्रमाणित बियाण्यावर निळी. ही रंगांची भाषा ज्यास अक्षर येत नाहीं त्यासहि वाचतां येते. पण निळा कागद कोठेंहि छापतां येतो. खोट्या बियाण्याचा धंदा त्याच आडोशानें चालतो, आणि शेतकऱ्यास तें कळतें तें उगवण न झाल्यावर, म्हणजे हंगाम हातचा गेल्यावर.

एप्रिल २०२३ मध्यें केंद्र सरकारनें ‘साथी’ नांवाची नोंदव्यवस्था सुरू केली. तींत बियाण्याच्या पिशवीवर क्यू. आर. चौकट असते, आणि तें बियाणें कोणत्या पिढीचें, कोणी पिकविलें, कोणत्या गटांतलें, याचा माग त्या चौकटीवरून काढतां यावा असा हेतु आहे. ही चौकट दर पिशवीस निराळी, म्हणून हुंडीच्या जातीची. आणि तिच्यामागची नोंद सरकारी वहींत, म्हणून परितेवाडीच्या पुस्तकाच्याहि जातीची. रंगीत चिठ्ठीची नक्कल करणें सोपें. सरकारी वहींत नसलेली नोंद तेथें असल्याचें दाखविणें कठीण. मात्र तिचा उपयोग होण्यास कोणी तरी ती पिशवी उघडण्यापूर्वीं फोनसमोर धरली पाहिजे. मृगाच्या पहिल्या सरीनंतर कृषि सेवा केंद्रावर रांग लागलेली असते, वाफसा निघून जाण्याची धास्ती असते, आणि फोन पुष्कळदां घरीं शिकणाऱ्या मुलीच्या हातांत असतो.

तेव्हां बाजारांतून पिशवी घरीं येते. मुलगी चौकट वाचते आणि आलेला मजकूर बापास मोठ्यानें वाचून दाखविते, जसा १८७९ च्या कायद्यान्वयें ग्रामनिबंधकानें कुणब्यास खताचा मजकूर समजावून द्यावयाचा होता. पिशवीची शिवण खालच्या अंगानें उसवावी म्हणजे चिठ्ठी शाबूत राहते. आणि पक्की पावती, ती चिठ्ठी, रिकामी पिशवी व मूठभर बियाणें पीक निघेपर्यंत जपून ठेवावें, असें कृषि खातें दर हंगामांत शेतकऱ्यांस सांगत असतें.